तानापिहिनिपाजा ते विजयदुर्गची पिवळी रेषा

सूर्याकडून येणाऱ्या विद्युतचुंबकीय प्रारणांचा पट्टा फार रुंद आहे. त्यातला जो अरुंद भाग माणसाच्या डोळ्याला जाणवतो, त्याला दृश्य प्रकाश म्हणतात. त्याची तरंगलांबी सुमारे ३८० ते ७५० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तांबड्या टोकाची तरंगलांबी सर्वांत जास्त, जांभळ्या टोकाची सर्वांत कमी. या दोन टोकांच्या मधे रंग कुठेही तुटत नाही. पिवळा कुठे संपला आणि हिरवा कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. ५७० नॅनोमीटरच्या आसपास एक दुसऱ्यात विरघळतो.

मराठी शाळांत हा क्रम ‘तानापिहिनिपाजा’ असा एका दमात पाठ होतो: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. पाठांतराला तो उत्तम आहे आणि जन्मभर विसरला जात नाही. मात्र सात रंग म्हणजे सात कप्पे, ही समजूतही त्याच्याबरोबर पक्की होते. सात हा आकडा आयझॅक न्यूटनने ठरवलेला आहे. सुरुवातीला त्याने पाचच मुख्य रंग मानले होते. संगीतातल्या सप्तकाशी मेळ बसावा म्हणून नारिंगी आणि पारवा मागून घातले. भिंतीवर पडलेला वर्णपट दाखवून मुलांना रंग मोजायला सांगितले, तर कोणी पाच सांगेल, कोणी सहा, आणि पारवा बहुतेकांना सापडणार नाही. ही सगळी उत्तरे बरोबर आहेत. शिकवणाऱ्याने ती फळ्यावर तशीच लिहून ठेवावीत, कारण रंगाला नावाबरोबर आकडाही का द्यावा लागतो, हे समजण्याची सुरुवात इथून होते. वर्णपट हे मोजण्याचे साधन आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तर ते तसे शिकवण्यासाठी सगळे सामान हाताशी आहे: पावसाळ्यातले आकाश, मालवणचा समुद्र, शिरोड्याचे मीठ आणि विजयदुर्गचा किल्ला.

वर्णपट पाडायला लोलक लागतोच असे नाही. परातीत पाणी घेऊन त्यात सपाट आरसा तिरका टेकवावा आणि खिडकीतले ऊन त्यावर घ्यावे. समोरच्या भिंतीवर किंवा छतावर रंगीत पट्टा उमटतो. आरसा आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्या मधले पाचरीच्या आकाराचे पाणी लोलकाचे काम करते. पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो आणि त्यामुळे त्याची दिशा बदलते; हे अपवर्तन. वेग किती कमी होईल हे तरंगलांबीवर अवलंबून असते. पाण्याचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशासाठी सुमारे १.३३१, तर जांभळ्यासाठी १.३४३ आहे. फरक दिसायला क्षुल्लक आहे, पण त्याच्यामुळेच जांभळा जास्त वळतो, तांबडा कमी वळतो आणि पांढरा प्रकाश उलगडतो. दहावीच्या विज्ञानात याला अपस्करण म्हणतात.

न्यूटनने हे प्रयोग १६६६च्या सुमारास केले आणि १६७२मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. काचेमुळे प्रकाशाला रंग चढतो, असे त्या काळी मानले जाई. न्यूटनने पहिल्या लोलकातून निघालेल्या पट्ट्यातला एकच रंग एका भोकातून पुढे सोडला आणि त्याच्या वाटेत दुसरा लोलक ठेवला. तो रंग वळला, पण आणखी फुटला नाही. तांबडा तांबडाच राहिला. काच रंग चढवत असती, तर दुसऱ्या काचेने आणखी काही चढवले असते. शाळेत दोन लोलक असतील तर हा प्रयोग अंधाऱ्या खोलीत नक्की करावा. वर्णपटाच्या सगळ्या धड्यात याच्याइतका स्वच्छ युक्तिवाद दुसरा नाही.

पट्ट्याच्या टोकांपलीकडे काय आहे, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. विल्यम हर्शेलने १८००मध्ये वर्णपटाच्या वेगवेगळ्या रंगांत तापमापी ठेवली, तेव्हा तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. हे अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी योहान रिटरला जांभळ्याच्या पलीकडे अतिनील किरण सापडले; चांदीचा क्षार तिथे सर्वांत लवकर काळा पडत होता. अवरक्त दाखवायला आज दूरचित्रवाणीचा रिमोट पुरतो. त्याच्या टोकाचा दिवा डोळ्याला विझलेला दिसतो, पण बटण दाबून तो मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फिकट जांभळट चमकताना दिसतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वर्णपट आकाशात दिसू लागतो. इंद्रधनुष्यात प्रत्येक थेंब लोलक आणि आरसा अशी दोन्ही कामे करतो. किरण थेंबात शिरताना वळतो, मागच्या भिंतीवरून आतल्या आत परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. सूर्य, थेंब आणि डोळा यांचा कोन ठरलेला असतो: तांबड्यासाठी सुमारे ४२ अंश, जांभळ्यासाठी सुमारे ४०. हा हिशेब रने देकार्तने १६३७मध्ये छापला. रंगांची बाजू न्यूटनने पूर्ण केली. एका थेंबाकडून एका डोळ्याला एका वेळी एकच रंग मिळतो. म्हणून शेजारी उभ्या असलेल्या दोघांची धनुष्ये वेगवेगळ्या थेंबांनी बनलेली असतात.

या कोनामुळे धनुष्याची जागा पक्की होते. सूर्य पाठीशी असेल तरच ते दिसते. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी सूर्य सह्याद्रीच्या बाजूला असतो, त्यामुळे सकाळचे धनुष्य पश्चिमेला समुद्रावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दिशेला उभे राहते. संध्याकाळचे धनुष्य पूर्वेला डोंगरांकडे दिसते. सूर्य ४२ अंशांहून वर चढला की धनुष्याची कमान क्षितिजाखाली जाते. पावसाळ्यात या अक्षांशावर सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणून साधारण साडेनऊ ते साडेतीन या वेळात जमिनीवरून आकाशातले इंद्रधनुष्य दिसू शकत नाही. हा नियम मुलांनी एका पावसाळ्यात वहीत नोंदी ठेवून तपासावा. चित्रकलेच्या वहीत डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि त्याच्या शेजारीच इंद्रधनुष्य असे चित्र हमखास असते. ते चित्र वर्गात लावून त्यातली चूक मुलांनाच शोधू द्यावी.

मुख्य धनुष्याच्या वर कधी कधी दुसरे, फिकट धनुष्य उमटते. त्यात किरण थेंबाच्या आत दोनदा परावर्तित झालेला असतो, म्हणून ते ५० ते ५३ अंशांवर दिसते आणि त्यातले रंग उलटे असतात: तांबडा आत, जांभळा बाहेर. दोन धनुष्यांच्या मधले आकाश आजूबाजूपेक्षा काळपट असते, कारण तिथल्या थेंबांकडून या दोन्ही मार्गांचा प्रकाश डोळ्याकडे येत नाही.

आकाशाचा निळा रंग अपवर्तनातून येत नाही. हवेतले रेणू प्रकाश चहूकडे विखुरतात. पाठ्यपुस्तकात याला विकिरण म्हटले आहे. लॉर्ड रॅलेच्या नियमानुसार हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा ४०० नॅनोमीटरचा जांभळा त्यामुळे नऊपटींहून जास्त विखुरतो. आकाश तरीही जांभळे दिसत नाही, कारण सूर्याच्या प्रकाशात जांभळा निळ्यापेक्षा कमी असतो आणि डोळाही त्याला कमी दाद देतो. तारकर्लीच्या पुळणीवर मावळता सूर्य लाल दिसतो, तो याच हिशेबाने. तिरप्या वाटेने हवेचा जाड थर ओलांडताना निळा वाटेतच विखुरून जातो.

समुद्राचा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅलेने म्हटले होते आणि ते बराच काळ मानले गेले. १९२१मध्ये युरोपातून बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या मताची परीक्षा घेतली. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी ध्रुवण-लोलकाने अडवला, तरी भूमध्य समुद्राची निळाई उरली, उलट अधिक खुलली. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी त्यावरून मांडले, आणि बोट मुंबईला लागताच त्याविषयीचे टिपण ‘नेचर’ नियतकालिकाकडे धाडले. त्याच वाटेवर पुढे २८ फेब्रुवारी १९२८ला रामन परिणाम सापडला; शाळांमधला राष्ट्रीय विज्ञान दिन त्या तारखेचा. निळाईच्या स्पष्टीकरणात आज आणखी एक गोष्ट जोडली जाते: पाणी स्वतः तांबडा प्रकाश शोषून घेते.

हे शोषण मालवणला प्रत्यक्ष पाहता येते. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९८७मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य किल्ल्याच्या परिसरातच आहे. स्वच्छ पाण्यातसुद्धा पाच मीटर खोलीवर तांबड्या प्रकाशाचा थोडाच भाग उरतो आणि दहा मीटरवर तो जवळजवळ नाहीसा होतो. तांबोशी होडीत आली की लालबुंद दिसते. खोल पाण्यात तीच काळपट, करडी दिसते. लाल परावर्तित करायला आधी लाल प्रकाश पोचावा लागतो. पाणबुड्याने विजेरी लावली की लाल रंग परततो, कारण विजेरीच्या प्रकाशाला हातभरच पाणी ओलांडायचे असते. नारिंगीचा आणि पिवळ्याचा क्रम त्यानंतर लागतो. मोकळ्या समुद्रात निळा सर्वांत खोल जातो. किनाऱ्याजवळ मात्र हिशेब बदलतो. खाड्यांतून येणारा गाळ, कुजलेल्या पानांतून पाण्यात उतरलेली द्रव्ये आणि सूक्ष्म वनस्पती-प्लवक निळा प्रकाश शोषतात, म्हणून तिथे हिरवा जास्त खोल पोचतो आणि पाणीही हिरवट दिसते.

समुद्रातल्या या प्रकाशाचा संबंध गावातल्या वादाशीही आहे. रात्री पाण्यावर प्रखर एलईडी दिवे पाजळून मासळी एका जागी गोळा करायची आणि पर्ससीन जाळ्याने ओढायची, या पद्धतीला मालवणच्या रापणकर आणि इतर पारंपरिक मच्छीमारांचा तीव्र विरोध राहिला आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. प्रकाश पाण्यात किती खोल आणि किती दूर जातो, हा प्रश्न इथल्या मुलांच्या घरात रोज बोलला जातो. विज्ञानाच्या तासाला तो वर्ज्य असण्याचे कारण नाही.

वस्तूंचा रंग समजावताना शोषणाचीच गोष्ट पुढे न्यावी. आमसुलाचे पाणी लाल दिसते, कारण त्यातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य मुख्यतः हिरवा भाग शोषून घेते. काचेच्या पेल्यात ते घेऊन त्यातून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट पाडला, तर मधला हिरवा पट्टा फिका पडलेला दिसतो. झाडाच्या पानातले हरितद्रव्य उलट करते: तांबडा आणि निळा घेते, हिरवा बराचसा सोडते. सावंतवाडीचे चितारी गंजिफाचे गोल पत्ते आणि लाकडी खेळणी रंगवतात, तेव्हा पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करता येतो. तिथे प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातला आपापला भाग काढून घेत असते आणि दोघांच्या तावडीतून सुटलेला हिरवा उरतो. प्रकाश मिसळताना बेरीज होते. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवला तर तो भिंगासारखा काम करतो आणि पडद्यावरचे तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसतात. पडद्यावर पिवळे चित्र असेल तेव्हा थेंबाखाली पिवळा ठिपका कुठेच नसतो. फक्त तांबडे आणि हिरवे पेटलेले असतात.

असे होते कारण डोळ्यातल्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात आणि त्यांचा प्रतिसाद सुमारे ४२०, ५३५ आणि ५६५ नॅनोमीटरला सर्वांत जास्त असतो. या तिघींच्या प्रतिसादांच्या प्रमाणावरून मेंदू रंग ठरवतो. ५८० नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा आणि योग्य प्रमाणात मिसळलेले तांबडा-हिरवा यांच्यातला फरक डोळ्याला ओळखता येत नाही. वर्णपटात गुलाबी आणि राणी रंग सापडत नाहीत, तेही यामुळेच. राणी रंगाला स्वतःची तरंगलांबी नाही. तांबडा आणि निळा-जांभळा एकदम डोळ्यात गेले की तो जाणवतो. काही मुलांमध्ये यातल्या एका प्रकारच्या शंकुपेशी नसतात किंवा वेगळ्या असतात. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे प्रमाण बरेच जास्त असते. तांबडा आणि हिरवा सारखेच दिसतात असे एखाद्या मुलाने सांगितले तर त्याला चुकीचे ठरवू नये. त्याच्या डोळ्याला तसेच दिसते आणि पालकांना ते कळवणे आवश्यक असते.

डोळ्याला न ओळखता येणारा हा फरक ज्या साधनाला कळतो ते वर्णपटदर्शक. ते वर्गात तासाभरात तयार होते. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या एका टोकाला काळ्या पुठ्ठ्याच्या दोन सरळ कडा जवळ आणून केसाएवढी फट ठेवावी, दुसऱ्या टोकाला जुनी सीडी तिरपी बसवावी आणि वरून डोळा लावायला भोक पाडावे. सीडीवरच्या ओळी एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ६२५ असतात. इथे रंग वेगळे होतात ते विवर्तनाने. म्हणून लोलकाच्या उलट, इथे तांबडा जास्त वळतो. हे खोके सूर्यावर कधीही रोखू नये. उजळ आकाश किंवा उन्हात ठेवलेला पांढरा कागद पुरेसा असतो.

फट का हवी, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. वर्णपटात दिसते ती प्रत्येक रंगातली त्या फटीची एकेक प्रतिमा. फट रुंद ठेवली तर शेजारच्या रंगांच्या प्रतिमा एकमेकींवर चढतात आणि सगळे धूसर होते. फट अरुंद केली की प्रकाश कमी होतो, पण तपशील उघडतात. वर्णरेषा ही रेषा दिसते, कारण फट रेषेसारखी असते. फटीच्या जागी गोल भोक असते तर ठिपके दिसले असते. मुलांना दोन्ही करून दाखवावे.

या खोक्यातून साध्या पिवळ्या बल्बचा पट्टा सलग दिसतो. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा ठळक पट्टा, मग थोडी मंद जागा आणि पुढे हिरव्यापासून तांबड्यापर्यंत रुंद उजेड असतो. जुन्या सीएफएल दिव्यात तुटक रेषा उभ्या राहतात आणि त्यातल्या ४३६ व ५४६ नॅनोमीटरच्या रेषा पाऱ्याच्या असतात. तिन्ही दिवे खोलीत पांढरट उजेडच देतात.

यानंतर मीठ. शिरोड्याची मिठागरे १९३०च्या सत्याग्रहामुळे इतिहासाच्या पुस्तकात आहेत. विज्ञानाच्या तासाला त्याच मिठाची एक चिमूट लागते. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत शिक्षकाने मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार धरली की ज्योत भडक पिवळी होते. खोक्यातून ती पाहिली तर सलग पट्ट्याऐवजी एकच पिवळी रेषा उठून दिसते. ती सोडियमची. चांगल्या उपकरणात ती दोन रेषांची जोडी असल्याचे दिसते: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. मीठ शिरोड्याचे असो वा आणखी कुठले, या आकड्यांत फरक पडत नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पातळ्या ठरलेल्या असतात आणि वरच्या पातळीवरून खाली येताना ठरलेल्याच तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो.

सूर्याच्या वर्णपटात याच जागी काळ्या रेषा आहेत. विल्यम वोलस्टनला अशा काही रेषा १८०२मध्ये दिसल्या होत्या. म्यूनिकजवळच्या काच-कारखान्यात काम करणाऱ्या योसेफ फ्राउनहोफरने १८१४मध्ये त्यांचा पद्धतशीर नकाशा केला, पाचशेहून जास्त रेषा नोंदवल्या आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. पिवळ्यातली जोडी ती डी. १८५९मध्ये हायडेलबर्गला गुस्ताफ किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी कोडे सोडवले: तापलेला सोडियमचा वायू जी रेषा उजळ देतो, तीच रेषा तुलनेने थंड सोडियम मागून येणाऱ्या सलग प्रकाशातून शोषून घेतो. सूर्याच्या बाहेरच्या थरात सोडियम आहे, हे पृथ्वीवर बसून सिद्ध झाले. सी आणि एफ या रेषा हायड्रोजनच्या निघाल्या, ६५६.३ आणि ४८६.१ नॅनोमीटरच्या.

नऊ वर्षांनी, १८ ऑगस्ट १८६८ला, खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारतावरून गेली. हे ग्रहण असामान्य लांब होते. भारतातही खग्रास स्थिती पाच मिनिटांहून जास्त टिकली. ग्रहणाच्या वेळी चंद्राच्या काळ्या कडेबाहेर तांबूस सौरज्वाला दिसतात. त्या कशाच्या बनल्या आहेत, हा प्रश्न घेऊन वर्णपटदर्शक पहिल्यांदाच ग्रहणावर रोखले गेले. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, गुंटूरला फ्रान्सचा पिएर जान्सन आणि ब्रिटिश मेजर टेनंट होते. जमखंडीला ढग आडवे आले, तरी हर्शेलला मधल्या फटीतून तांबडी, नारिंगी आणि निळी अशा उजळ रेषा दिसल्या. ज्वाला वायूच्या आहेत, हे नक्की झाले. पिवळट-नारिंगी रेषा सोडियमची डी असावी, असे बहुतेकांनी गृहीत धरले. मिठाचा प्रयोग केलेल्या कोणालाही तसेच वाटले असते.

जान्सनच्या लक्षात आले की या रेषा एवढ्या तेजस्वी आहेत, तर ग्रहणाशिवायही दिसाव्यात. दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहिल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर हाच विचार करत होता आणि २० ऑक्टोबर १८६८ला त्यालाही तेच साधले. यातली युक्ती वर्गात नीट उलगडून सांगण्यासारखी आहे. एरवी ज्वाला दिसत नाहीत, कारण सूर्याभोवतालच्या आकाशाची चकाकी त्यांना झाकून टाकते. ती चकाकी सलग वर्णपटाची असते. वर्णपट जितका लांब पसरवावा तितकी ती विरळ आणि मंद होत जाते. ज्वालेचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असतो. पसरवल्याने रेषा एकमेकींपासून दूर जातात, पण प्रत्येकीचे तेज जवळजवळ तेवढेच राहते. पुरेसे पसरवले की चकाकी मागे पडते आणि रेषा वर येतात.

आता घाई नव्हती, मोजता येत होते. लॉकियरला पिवळी रेषा डीच्या जोडीवर बसत नसल्याचे दिसले. ती किंचित हिरव्याच्या बाजूला, ५८७.६ नॅनोमीटरला होती, म्हणजे सोडियमपासून दीड-दोन नॅनोमीटर दूर. तिला डी-३ म्हटले गेले. हायड्रोजनच्या उजळ रेषांना सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात काळ्या जोडीदार रेषा होत्या. डी-३ला तशी जोडीदार मिळेना. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याच्याबरोबर प्रयोगशाळेतले प्रयोग करूनही कोणत्याही ज्ञात वायूशी तिचा मेळ बसेना. सूर्यावर एखादे अनोळखी मूलद्रव्य असावे या विचारातून हेलियम हे नाव आले. ते पृथ्वीवर सापडायला १८९५ उजाडले. विल्यम रॅमसेने क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेला वायू तपासला आणि त्यात तीच पिवळी रेषा मिळाली. युरेनियमच्या किरणोत्सर्गातून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच अणुकेंद्रे आहेत, हे त्यानंतर रदरफर्डने दाखवले. खनिजात हा वायू का अडकलेला होता, हे त्यावरून कळले.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. लॉकियरने १८६८चे ग्रहण इथूनच पाहिले आणि इथेच हेलियम शोधला, असे जिल्ह्यात सांगितले जाते आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. १८६८मध्ये लॉकियर भारतात नव्हता. तो विजयदुर्गला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. त्यांना उपकरणे हाताळायला आणि प्रभाकिरीटाची चित्रे काढायला शिकवले गेले. चौथऱ्यांचा मेळ या मोहिमेशी बसतो. विजयदुर्गचे वैज्ञानिक महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, आणि मुलांना खरी तारीख सांगितली तर उलट जास्त शिकवता येते.

कारण १८९८मध्ये लॉकियरने इथे जे प्रिझम-कॅमेरे लावले, त्यांना फट नव्हती. खग्रास स्थिती सुरू होताना आणि संपताना, काही सेकंद, सूर्याची अतिशय बारीक कोर उरते आणि फटीचे काम ती कोरच करते. त्या क्षणी सलग वर्णपट विझतो आणि एरवी काळ्या असणाऱ्या रेषा उजळून निघतात. छायाचित्रात त्या सरळ येत नाहीत. कोरीच्या आकाराच्या कमानी उमटतात. सीडीच्या खोक्यात फटीऐवजी वाकडी चीर कापली की मिठाच्या ज्योतीचीही अशीच पिवळी कमान मिळते. कोणती कमान किती लांब आहे, यावरून तो वायू सूर्याच्या पृष्ठभागापासून किती उंचीपर्यंत आहे याचा अंदाज करता येतो. हेलियमची रेषा सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात काळी का दिसत नाही, याचे उत्तरही या उंचीशी निगडित आहे. हेलियमच्या अणूला ती रेषा देण्याजोग्या पातळीवर चढवायला फार ऊर्जा लागते आणि साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर तशी स्थिती नसते. त्याच्या वरच्या थरात, म्हणजे वर्णावरणात, असते.

विजयदुर्गची सावली पुढे घाट चढून सोलापूरकडे गेली. जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी हेच ग्रहण वर्णपटदर्शकांनी अभ्यासले आणि त्याचा अहवाल १९०२मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्बेलही त्यांच्या जवळच तळ देऊन होता. पुण्याची वेधशाळा नायगामवालांच्या निवृत्तीनंतर १९१२मध्ये बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हेलियम भरलेली विसर्जन-नळी असते. शाळेने ती तासाभरासाठी मागून आणली तर डी-३ रेषा सीडीच्या खोक्यातून थेट पाहता येते: ६६७.८ची तांबडी, ५८७.६ची पिवळी, ५०१.६ची हिरवी आणि ४४७.१ची निळी-जांभळी. शेजारी मिठाची ज्योत पेटवली तर दोन्ही पिवळ्या रेषा घरगुती खोक्यात जवळपास एकाच जागी पडतात आणि १८६८च्या निरीक्षकांची अडचण मुलांना डोळ्यांनी कळते. त्या वेगळ्या करायला अधिक अरुंद फट आणि अधिक दाट ओळींची जाळी लागते. डीव्हीडीच्या ओळी ०.७४ मायक्रोमीटरवर असतात. सीडीच्या जागी तिचा तुकडा बसवून मुलांनी पुढचा प्रयत्न करावा.